न खाल्लेल्या भाकरीचा हिशेब



ख्रिस्ती उपवासाचा विचार करायला भिलाईइतके योग्य गाव क्वचितच सापडेल. १९५५च्या करारानंतर सोव्हिएत मदतीने इथे पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली आणि देशाच्या सगळ्या दिशांनी माणसे इथे कामाला आली. येताना त्यांनी आपापले उपवासही आणले. मूळच्या छत्तीसगढी घरांत तीजाचा निर्जळी उपवास होताच, आणि कमरछठला नांगर न लागलेल्या जमिनीतला पसहर तांदूळच खायचा हा नेमही होता. त्यांच्या शेजारी बिहारी कुटुंबांची छठ आली, मुसलमान कुटुंबांचे रोजे आले, जैनांचे पर्युषण आले, आपल्या मराठी घरांची आषाढी आणि हरितालिका आली. केरळातून आलेल्या सिरियन ख्रिस्ती कुटुंबांनी ईस्टरपूर्वीचा पन्नास दिवसांचा मोठा नोंबू आणला. त्यात मांस, मासे, अंडी आणि दूधही वर्ज्य असते. रोमन कॅथलिक घरांत राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार पाळला जातो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमधून ‘उपवास-प्रार्थना’ होतात. जिथे सगळेच उपवास करतात तिथे एक प्रश्न टाळता येत नाही: ख्रिस्ती माणसाच्या उपवासाचे त्याच्या श्रद्धेत नेमके स्थान काय, आणि तो खरा की पोकळ हे ओळखायचे कशावरून? माझे म्हणणे असे की, या उपवासाला ख्रिस्ती परंपरेनेच एक कसोटी लावून दिली आहे. मी जे खाल्ले नाही ते कुणाच्या ताटात गेले आणि ज्यांच्या श्रमावर मी जगतो त्यांच्याशी माझा व्यवहार बदलला का, ही ती कसोटी. पश्चात्ताप, संयम, प्रार्थनेतली एकाग्रता ही उपवासाची इतर प्रयोजने मला मान्य आहेत. पण या कसोटीवाचून ती टिकत नाहीत.

हा विचार आधुनिक समाजसेवेने ख्रिस्ती धर्मावर लादला, असे कुणाला वाटेल. म्हणून आधी पवित्र शास्त्राकडे जाऊ. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोकांची तक्रार आहे की, आम्ही उपास करतो आणि देव आमच्याकडे पाहतही नाही. संदेष्ट्याचे उत्तर त्यांच्या आहाराविषयी काहीच बोलत नाही. ते त्यांच्या मजुरांविषयी बोलते. उपासाच्या दिवशीही तुम्ही कामकऱ्यांना राबवून घेता, भांडता, हात उगारता. मग हा उपास कसला, असा त्याचा सवाल आहे. जोखडात अडकलेल्याला सोडवणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, निराश्रिताला घरात घेणे यालाच तो देवाला हवा असलेला उपास म्हणतो. नव्या करारात हाच धागा पुढे जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहतो. त्याच्यापुढे येणारा पहिला मोह दगडाच्या भाकरी करण्याचा आहे, आणि स्वतःच्या भुकेसाठी तो ते करत नाही. पुढे त्याच शुभवर्तमानात पाच हजारांचा समुदाय भुकेला असतो, तेव्हा तो पाच भाकरी मोडतो आणि सगळे तृप्त होतात. स्वतःसाठी नाकारलेली भाकर लोकांसाठी मोडणे ही दोन प्रसंगांतली एकच कृती आहे, असे मी मानतो. अरण्यातला उपवास पाच हजारांच्या पंगतीपासून तोडून वाचला तर त्यात केवळ सहनशक्तीची परीक्षा उरते. फादर स्टीफन्सने १६१६मध्ये राशोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात येशूचे चरित्र मराठी ओवीत आणले. म्हणजे मराठी मनाला ही कथा चारशे वर्षे ओळखीची आहे. तिचा हा अर्थ मात्र आपण पुरेसा मनावर घेतला नाही.

आरंभीच्या मंडळीने तो घेतला होता. दुसऱ्या शतकातल्या रोममध्ये ‘हर्मासचा मेंढपाळ’ हा ग्रंथ फार वाचला जात असे. त्यात उपवासाची पद्धत हिशेबाच्या भाषेत सांगितली आहे: त्या दिवशी पाणी-भाकरीवर राहा, एरवी जेवणाला जो खर्च आला असता तो मोजा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्या. त्याच शतकात अथेन्सचा अरिस्टाइडीज सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना सांगतो की, यांच्यात कुणी गरीब असला आणि यांच्याकडे जादा अन्न नसले तर हे दोन-तीन दिवस उपाशी राहतात आणि त्याची सोय करतात. इथे एक बारकावा आहे. उपवास करणारे हे लोक श्रीमंत नव्हते. शिलकीतून देता येत नव्हते, म्हणून त्यांनी रोजच्या घासातून दिले. पुढे ऑगस्टीनने उपवास आणि दानधर्म यांना प्रार्थनेचे दोन पंख म्हटले, तेव्हा तो हाच रुळलेला आचार शब्दात बांधत होता. चौथ्या शतकापासून ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ ठरला, नियम वाढले, सवलती आल्या, सवलतींच्या पळवाटा आल्या. मासे चालतील का, दूध चालेल का, या चर्चेत शतके गेली. तो इतिहास मी सोडून देतो. त्यातून आपल्याला फारसे काही मिळणार नाही.

मराठी ख्रिस्ती जीवनात या प्रश्नाचा सर्वांत खोल अनुभव ज्यांना आला त्या पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कुटुंबाला घेऊन वर्षानुवर्षे तीर्थयात्रा केल्या, पुराणे सांगितली, व्रते केली, दाने दिली. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने त्यांना गाठले. होते नव्हते ते देवाला प्रसन्न करण्यात संपले होते. पाणी आणि झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. आधी वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाईंनी १९०७मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत हे सारे सांगितले आहे, आणि त्यातली वेदना भुकेपुरती नाही. आम्ही इतके केले तरी देव बोलला नाही, हे दुःख तिथे आहे. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले. मग १८९६-९७चा दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळला. ज्या प्रांतात तेव्हा छत्तीसगढ होते तोच हा प्रांत. रमाबाई त्या दुष्काळी मुलखात आल्या, मदत-छावण्यांतली आणि गरीबखान्यांतली अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि शेकडो मुली व तरुण विधवांना घेऊन त्या परतल्या. केडगावचे मुक्ती मिशन या मुलींमुळे उभे राहिले. तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला. प्रार्थना तर दिवसरात्र होती; १९०५मध्ये केडगावला जे आध्यात्मिक जागरण झाले त्याची नोंद जगभर घेतली गेली.

रमाबाईंच्या आयुष्यातले हे दोन दुष्काळ शेजारी ठेवून पाहावे असे मला वाटते. पहिल्या दुष्काळात एक कुटुंब उपाशी राहून देवाकडे आपली सुटका मागत होते. दुसऱ्यात, उपासमारीचा अर्थ शरीराने जाणणारी स्त्री दुसऱ्यांच्या सुटकेसाठी निघाली होती. पहिल्यात उपवास हा सौदा होता: आम्ही इतके सोसतो, तू इतके दे. दुसऱ्यात भुकेची आठवण हेच सेवेचे बळ झाले. इथे आपल्यातले काही हिंदू श्रोते म्हणतील, आणि त्यांना तसे म्हणायचा अधिकार आहे, की हे हिंदू व्रतांचे एकांगी चित्र झाले. मला त्यांचे म्हणणे मान्य आहे. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसाने स्वतःच्याच आचारावर केलेली टीका आहे. १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राण पणाला लावले. तो उपवास यशयाने ओळखला असता, याविषयी मला शंका नाही. देवाशी सौदा करण्याची वृत्ती कोणत्याही एका धर्माची मालमत्ता नाही, आणि ती ख्रिस्ती मंडळीत नाही असे म्हणणे तर धादांत खोटे होईल.

गोव्यातली चूक या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. धर्मन्यायालयाने १७३६मध्ये नवख्रिस्ती लोकांना ज्या देशी रिवाजांची बंदी केली त्यांत एकादशीच्या उपवासाचाही समावेश होता. चर्चच्या दिवशी उपास करावा, एकादशीला करू नये. अनंत काकबा प्रियोळकरांनी हा सारा इतिहास अभ्यासून मांडला आहे. या बंदीमागची क्रूरता तर उघड आहे. मला तिच्यातली धर्मशास्त्रीय उथळताही तितकीच खुपते. तिथी बदलली की उपवास ख्रिस्ती होतो, असे त्या अधिकाऱ्यांनी धरले. वार आणि पदार्थ यांवरून उपवासाची ओळख ठरवणाऱ्याला यशयाचा प्रश्न सुचतही नाही.

आता आपल्या काळाकडे येतो. छत्तीसगढ, विदर्भ, मराठवाडा या पट्ट्यात ‘उपवास-प्रार्थना’ आज फार लोकप्रिय आहेत. एकवीस दिवसांची साखळी असते, चाळीस दिवसांची असते. आजारी माणसासाठी व्याकूळ होऊन उपाशी राहून प्रार्थना करणाऱ्यांची श्रद्धा मी कमी लेखत नाही. दानीएल, नहेम्या, एस्तेर यांनी संकटात उपवास केले. अंत्युखियातल्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांना पाठवण्याआधी उपवास केला. मागणे हा प्रार्थनेचा भाग आहेच. पण ज्या सभेत नोकरी, बढती, घर, परदेशाचा व्हिसा अशी यादी वाचली जाते आणि इतके दिवस उपास केला की दार उघडेलच असे व्यासपीठावरून सांगितले जाते, तिथे अनंतशास्त्रींच्या कुटुंबाला ज्याने दगा दिला तोच सौदा नव्या नावाने परत आलेला असतो. दार उघडले नाही तर दोष उपवास करणाऱ्याच्या विश्वासावर टाकला जातो. हे भक्ताला दुखावणारे आहे आणि देवाविषयी चुकीचे शिकवणारे आहे. मी हे कठोर शब्दांत म्हणतो, कारण या सभांना येणारी माणसे बहुधा गरीब असतात.

सौदा देणाऱ्याच्या बाजूनेही होऊ शकतो. १८९७मध्ये अमेरिकेतल्या मेनोनाइट ख्रिस्ती लोकांनी भारतातल्या दुष्काळग्रस्तांसाठी धान्य पाठवले आणि १८९९मध्ये त्यांच्या मिशनऱ्यांनी इथून फार लांब नसलेल्या धमतरीत काम सुरू केले. लगेच पुढचा दुष्काळ आला. अनाथालये निघाली, दवाखाने निघाले. या सेवेने जीव वाचले हे निर्विवाद आहे. तरी ‘भाकरीसाठी धर्म’ हा आरोप त्या काळापासून आजवर होत आला आहे, आणि तो झटकून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. उपाशी माणसापुढे ताट ठेवताना त्याच्याकडून काही मागितले तर तो उपवासातला वाटा राहत नाही, ती खरेदी होते. पाच हजारांच्या पंगतीत कुणाची श्रद्धा तपासली गेली नव्हती. अन्न बिनशर्त असले पाहिजे, हा नियम ख्रिस्ती माणसाने टीकाकारांच्या भीतीने नाही तर आपल्या प्रभूच्या उदाहरणावरून पाळायचा आहे.

प्रॉटेस्टंट परंपरेतून एक गंभीर आक्षेप येतो. तारण कृपेने मिळते. मग उपवासासारख्या कर्माला स्थान कुठले? १५२२च्या उपवासकाळात झुरिकमधल्या फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी कामगारांनी सॉसेज खाल्ले, आणि धर्मसुधारक झ्विंगलीने, ज्याने स्वतः तिथे हजर असून ते खाल्ले नव्हते, त्यांची जाहीर बाजू घेतली. या घटनेचा एक तपशील सहसा सांगितला जात नाही. मुद्रकाचा बचाव असा होता की, फ्रँकफुर्टच्या जत्रेसाठी पुस्तके पुरी करायला माणसे रात्रंदिवस राबत आहेत, नुसत्या कण्यांवर त्यांचे भागत नाही. म्हणजे उपवासाचा नियम श्रमणाऱ्याच्या पोटावर उठला होता, आणि झ्विंगलीचा विरोध त्या सक्तीला होता. ल्यूथरने उपवासाला चांगली बाह्य शिस्त म्हटले, कॅल्व्हिनने प्रार्थनेच्या तयारीसाठी त्याची शिफारस केली, जॉन वेस्ली आठवड्यातून दोन दिवस उपवास करत असे. यांपैकी कुणीही उपवास मोडीत काढला नाही; पुण्य कमावण्याचे साधन म्हणून असलेले त्याचे स्थान त्यांनी काढून घेतले. ते जाणेच योग्य होते. पुण्याचा हिशेब गेला की शेजाऱ्याचा हिशेब मोकळेपणाने करता येतो.

दुसरा आक्षेप शरीराच्या बाजूने आहे: उपवास म्हणजे देहाचा द्वेष. काही तपस्व्यांच्या हातून तो झाला, हे खरे. परंतु मंडळीने त्याला वेळीच आवर घातला. चौथ्या शतकात गंग्रा येथे भरलेल्या परिषदेने मांस खाणाऱ्यांना पापी समजणाऱ्यांचा निषेध केला, रविवारी मुद्दाम उपवास करणाऱ्यांचाही केला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने लहान मुले, वाटसरू, कष्टाचे काम करणारे मजूर आणि दारोदार तुकडे मागून जगणारे गरीब यांना उपवासाच्या बंधनातून वगळण्याची कारणे दिली. आजच्या कॅथलिक नियमानुसार उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंतच आहे. भिकाऱ्याला उपवास नाही, ही अक्वायनसची सूट मला फार बोलकी वाटते. ज्याच्याकडे सोडण्यासारखे आहे त्यानेच सोडायचे आहे. कोक ओव्हनच्या धगीत आठ तास उभा राहणारा कामगार पोटभर जेवून कामावर गेला तर तो उपवासकाळाचा भंग करत नाही.

मग सर्वांत अवघड प्रश्न उरतो. भुकेल्याला देणे हेच जर उपवासाचे मर्म असेल तर पोटभर जेवून धनादेश का लिहू नये? उपाशी राहायचे कशाला? माझे उत्तर दोन टप्प्यांत आहे. शिलकीतून दिलेले दान माझ्या गरजांची यादी जशीच्या तशी ठेवते. मी आहे तिथेच राहतो आणि शेजारी माझ्या दयेचा विषय होतो. एक जेवण सोडले की काही तासांत शरीर कुरकुरू लागते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. इतक्या थोड्या भुकेने माझी ही अवस्था होते तर रोज अर्धपोटी राहणाऱ्या मुलाने शाळेत काय शिकावे, हा प्रश्न तेव्हा पुस्तकातला राहत नाही. दुसरे असे की, ख्रिस्ती प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, आणि भरल्या पोटी ते मागणे तोंडदेखले होते. उपवासाच्या दिवशी ते मागणे खरे होते. आपण स्वतःच्या बळावर जगत नाही, हे शरीराला कळते. उपवासाला प्रार्थनेपासून तोडले तर ती फार तर बचत-योजना होईल, हे मला मान्य आहे. म्हणूनच मोबाईल किंवा मालिका सोडण्याचा आज रूढ होत असलेला ‘उपवास’ उपयोगी असला तरी मला अपुरा वाटतो. त्यात संयम आहे. भाकरीशी आणि भुकेल्याशी असलेले नाते मात्र त्यात नाही.

शेवटी गुप्ततेचा मुद्दा. येशूने सांगितले आहे की, उपवास करताना तोंड उतरवून लोकांना दाखवू नका. मग मंडळीने सामूहिक उपवासकाळ पाळावा तरी कसा? मत्तयाच्या त्या सहाव्या अध्यायात प्रार्थना आणि दान यांच्याविषयीही तोच इशारा आहे, आणि त्यामुळे कुणी सामूहिक प्रार्थना बंद केली नाही. इशारा आहे तो व्यक्तीच्या मिरवण्याला. समूहाने एकत्र सोडलेल्या अन्नाचा मोठा उपयोग होऊ शकतो, हे १९५८मध्ये जर्मन बिशपांनी भूक आणि रोग यांविरुद्ध सुरू केलेल्या मिझरेओरच्या उपवासकाळातल्या मोहिमेने दाखवले. आपल्याकडे कॅरिटास इंडिया उपवासकाळात अशीच मोहीम चालवते.

भिलाई-दुर्गमधल्या सर्व पंथांच्या मंडळ्यांना माझी विनंती आहे. येत्या राखेच्या बुधवारपासून, किंवा मोठ्या नोंबूच्या पहिल्या सोमवारपासून, प्रत्येक घराने सोडलेल्या जेवणाचे पैसे एका पेटीत नाव न लिहिता टाकावेत. जमा झालेली रक्कम आणि तिचा विनियोग चर्चच्या फलकावर लावावा. ते अन्न घेणाऱ्याला त्याचा धर्म विचारू नये. आणि ज्यांच्या हाताखाली घरकाम करणाऱ्या बाया, ठेक्याचे मजूर किंवा दुकानातली पोरे आहेत त्यांनी उपवासाला बसण्याआधी त्यांची थकलेली मजुरी चुकती करावी.